कुठला परवा?

बुटांवरून माणूस ओळखायला जाऊ नये, हे सुप्रियाला त्या बुधवारी आळेफाट्यावर कळलं.

परवेजभाईच्या गॅरेजात तिचा पिकअप उभा होता. पुढचं तोंड चेपलेलं, एक दिवा फुटलेला, बंपर एका बाजूनं लोंबकळत असलेला. आणि गाडीखालून दोन बूट बाहेर आलेले... चिखलानं माखलेले, एकाची नाडी सुटलेली. गॅरेजात गाडीखाली परवेजभाई नाही तर दुसरं कोण असणार? सुप्रियानं ओढणी कमरेला खोचली आणि थेट बुटांशी बोलायला सुरुवात केली. एकदा सुरू झाली की ती मध्ये थांबत नसे, हा तिच्या आईकडून आलेला गुण.

"परवेजभाई, विमावाला आज येणारेय. त्याच्यासमोर मंगळवार-बिंगळवार काढू नका. मी फोनवर ‘परवा’ म्हटलं, त्यांनी शनिवार लिहून घेतलाय. तर आता शनिवारच. आणि माणूस खडूस निघाला तर आधी त्याला चहा पाजा, मग गाडी दाखवा. ऐकताय ना?"

"ऐकतोय," गाडीखालून उत्तर आलं.

आवाज परवेजभाईचा नव्हता.

बुटांमागून पँट सरकत बाहेर आली, मग ग्रीस लागलेला शर्ट, आणि शेवटी एक तरणा चेहरा. कपाळावर काळा पट्टा, आणि डोळ्यांत मोठ्या कष्टानं दाबून धरलेलं हसू. गळ्यात ओळखपत्र होतं. ते नसतं तरी चाललं असतं. हा कोण, ते सुप्रियाच्या आधीच ध्यानात आलं होतं.

"मीच तो विमावाला," तो उठून हात झटकत म्हणाला. "आदेश. सर्व्हेअर आहे. खडूस आहे की नाही... ते अजून ठरायचंय."

नेमका तेव्हाच खरा परवेजभाई समोरच्या टपरीवरून चहाचे ग्लास घेऊन आला. "घ्या साहेब."

"नको. रिपोर्ट जाईपर्यंत गाडीमालकाच्या बाजूचा चहा मी घेत नाही."

"म्हणजे ठरलं," सुप्रिया पुटपुटली. हे त्यानं ऐकलं, आणि या वेळी मात्र त्याला हसू आवरलं नाही.

आता ही शनिवार-मंगळवारची भानगड काय होती, ते सांगायला हवं.

पिंपरी पेंढारला सुप्रियाची रोपवाटिका होती. वडील अजून हौसेनं दहा-बारा मेंढरं सांभाळत, पण मेंढरांमागे हिंडण्यापेक्षा एका जागी बसून काहीतरी उगवावं, असं हिनं ठरवलं आणि सहा वर्षांपूर्वी शेडनेट उभं केलं. टोमॅटो, कोबी, फ्लॉवर. सात बायका रोज कामाला. रोप पंचवीस दिवसांचं झालं की ते शेतात जायलाच हवं. ते कुणासाठी थांबत नाही. ते पोहोचवायला हा एकच पिकअप, आणि तो चालवायला पन्नाशीचे गेणभाऊ.

मागच्या मंगळवारी गेणभाऊ कोबीची रोपं घेऊन शिनोलीला निघाले होते. घोडेगाव मागे पडल्यावर एक वासरू आडवं आलं. त्याला वाचवायला त्यांनी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी मोरीच्या कठड्यावर जाऊन आदळली. वासरू उड्या मारत निघून गेलं, गेणभाऊंच्या कपाळाला टेंगूळ आलं आणि गाडीचा पार चेहरामोहरा बदलला.

सुप्रिया त्याच संध्याकाळी विमा कंपनीला फोन करणार होती. पण तिची आई, चिमाबाई, आडवी आली. "पितरांचा पंधरवडा चाललाय आन तू कसले कागद हलवतीस? असल्या दिसांत हात घातलेलं काम तडीस जात न्हाई. घट बसू दे, मग कर काय करायचं ते." खरं तर सुप्रिया आईचं एवढं ऐकणारी नव्हती. पण भाड्याचे टेम्पो शोधण्यात आणि राहिलेली रोपं पोहोचवण्यात दिवस जात होते, आणि आईचं ऐकणं तिला सोयीचं पडलं. सोमवारी घट बसले. त्याच सकाळी तिनं फोन लावला.

"अपघात कधी झाला मॅडम?" पलीकडच्या मुलीनं विचारलं.

"परवा," सुप्रिया म्हणाली.

आमच्याकडचा ‘परवा’ फार ऐसपैस असतो. त्यात गेला आठवडा बसतो, मागची अमावस्या बसते, कधी कधी चैत्रातली जत्रासुद्धा बसते. त्या मुलीनं मात्र दोन दिवस मागे मोजले आणि शनिवार लिहिला. पाच मिनिटांत मेसेज आला, त्यात तारीख होती. सुप्रियानं ती वाचली. चूक तिच्या ध्यानात आली. आणि तिनं ती दुरुस्त केली नाही. बोलण्यातली चूक माफ होती, पण ही दुसरी चूक तिनं उघड्या डोळ्यांनी केली होती, आणि तेव्हापासून ती तिला टोचत होती.

टोचलं तरी करणार काय? क्लेम नाकारला गेला तर गाडी दुरुस्त होणार नव्हती. गाडी नाही तर दिवाळीनंतर शेडनेट उतरवायचं आणि सातही जणींना घरी पाठवायचं, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

"कुठला परवा?" आदेशनं वही उघडून विचारलं.

"तुम्ही ऐकलंत की सगळं."

"गाडीखाली ऐकलेलं लिहायला फॉर्मात रकाना नसतो. पण न ऐकल्यासारखं करणंही मला जमणार नाही." त्यानं एक कोरा कागद तिच्यापुढे धरला. "काय झालं, ते तुमच्या हातानं लिहून द्या. शुक्रवारी मी शिनोलीला जागा बघायला जातोय, तिथे आणा. जे लिहाल ते पाठवीन, आणि खरं आहे का ते तपासूनही बघीन."

"आणि उशीर झाला असं लिहिलं तर? क्लेम गेलाच ना?"

"उशिरा कळवलं म्हणून कुणी लगेच फाइल फेकून देत नाही. कारण विचारतात. पण तारीख खोटी निघाली, की मग ड्रायव्हर खोटा वाटतो, गाडी खोटी वाटते... मालकीणबाईही."

"मी खोटी वाटते तुम्हाला?"

त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं. मग उगाचच खाली वाकून बुटाची नाडी बांधली. "मला काय वाटतं याला रकाना नाही," तो म्हणाला.

दोन दिवस तो कागद सुप्रियाच्या पर्समध्ये होता. सगळं लिहून झालं होतं... वासरू, मोरी, टेंगूळ. तारखेची जागा तेवढी कोरी. गेणभाऊ म्हणाले, "ताई, शनिवारच लिवा. मी भैरवनाथाच्या पायावर हात ठिवून सांगतो."

"देवाला यात ओढू नका भाऊ," सुप्रिया म्हणाली. पण मंगळवार लिहायलाही तिचा हात पुढे होईना. आणि सगळ्यात राग कशाचा, तर गाडीची काळजी करता करता मध्येच तिला ती सुटलेली नाडी आठवायची.

शुक्रवारी परतीच्या पावसानं सकाळपासूनच झोड उठवली होती. भाड्याच्या टेम्पोत शिनोलीसाठी पुन्हा कोबीची रोपं भरली होती. गेणभाऊ चालवत होते, शेजारी सुप्रिया. घोडेगावच्या चौकात एका हॉटेलच्या पत्र्याखाली आदेश मोटरसायकलपाशी उभा दिसला, नखशिखांत भिजलेला, फाइल तेवढी शर्टात घालून छातीशी धरलेली.

गेणभाऊंनी टेम्पो थांबवला. सुप्रियानं काच खाली केली. "चला, बसा."

"नको, येतो मी मागून."

"चहा चालत नाही तसं पावसात सोबत येणंही चालत नाही का?"

तो घुटमळला... मग मोटरसायकल तिथंच लावून केबिनमध्ये चढला. सुप्रिया सरकली, पण केबिन ती केवढी. बसल्या बसल्या त्यानं ओल्या हातांनी वही काढली आणि काहीतरी खरडलं.

"काय लिहिलंत?"

"‘घोडेगाव ते शिनोली. पाऊस. गाडीमालकाच्या टेम्पोतून गेलो.’"

"एवढंही लिहायला लागतं?"

"जे झालं ते लगेच लिहून मोकळं व्हावं. राहून गेलं की ते वाढत जातं." मग जरा खालच्या आवाजात, "तुम्हाला उद्देशून नाही म्हणालो."

"मलाच उद्देशून म्हणालात."

"हो," तो म्हणाला.

गेणभाऊंनी आपल्या बाजूच्या काचेवरची वाफ पुसायच्या निमित्तानं तोंड वळवलं. त्यांच्या खांद्यांवरून ते हसताहेत हे कळत होतं.

मोरीपाशी कठड्याचे दोन दगड निखळून पडले होते. आदेशनं फोटो काढले, पावलं टाकून अंतर मोजलं. रस्त्यापलीकडे एक घर होतं. तिथल्या कुशाबाईंनी त्या दिवशी गेणभाऊंना पाणी दिलं होतं, कपाळाला हळद लावली होती. त्यांनी तिघांना पडवीत बोलावलं आणि विचारायच्या आत चहा आणला. आदेशनं कप घेतला आणि घोट घेतलासुद्धा.

सुप्रियाच्या भुवया वर गेल्या. "आजींचा चालतो?"

"आजींचा माझ्याकडे क्लेम नाही."

"आजी," ती म्हणाली, "हे साहेब आमच्या घरचं पाणीही घेत नाहीत."

"आगं बया," कुशाबाई आदेशला न्याहाळत म्हणाल्या, "सोयरीक ठरंपत्तुर माणसं असंच करत्यात."

  आदेशचे कान लाल झाले, आणि ते बघून सुप्रियाला आतून एवढं बरं वाटलं, की तिला स्वतःचीच भीती वाटली.

तो घसा खाकरून कामाला लागला. "आजी, हा अपघात झाला तो दिवस आठवतो का?"

"आठवतो की. परवाच तं झालं."

"परवा म्हणजे शनिवारी?"

"आसंल. शनवारच आसंल," कुशाबाई सहज म्हणाल्या.

गेणभाऊंनी सुटकेचा निःश्वास सोडला. इथे कुणाला खोटं बोलावं लागलं नव्हतं, देवाच्या पायावर हात ठेवावा लागला नव्हता. म्हातारीच्या तोंडून शनिवार आला होता आणि आदेशचं पेन कागदावर टेकलं होतं. सुप्रियानं फक्त गप्प बसायचं होतं. तिला शेडनेट दिसलं, त्याखालच्या सात जणी दिसल्या. आणि समोर हा माणूस, पावसातून आलो हेसुद्धा लिहून ठेवणारा. तो आता जे लिहील ते खोटं असेल, आणि त्याला ते माहीत असूनही तो लिहील, कारण साक्षीदार तसं म्हणतोय. त्याच्या वहीत आपल्यामुळे खोटं जावं, हे तिला सोसेना.

"आजी," ती म्हणाली, "तुमची म्हैस व्यायला झाली होती ना तेव्हा? भाऊ सांगत होते. ती कधी व्याली?"

"म्हस? ती बुधवारी. ही गाडी धडाकली त्याच्या दुसऱ्याच दिशी. पितरांचं दिस चाललं व्हतं, म्हनून मी चीक कुनाला वाटला बी न्हाई..." बोलता बोलता कुशाबाई थांबल्या. "म्हंजी मंगळवारच झाला की गं तो."

"मंगळवारच," सुप्रिया म्हणाली. तिनं पर्समधून कागद काढला, आदेशच्या हातातलं पेन घेतलं, कोऱ्या जागेत मंगळवारची तारीख घातली आणि खाली लिहिलं... कंपनीत शनिवार नोंदवला गेला, तो चुकीचा आहे हे मला त्याच दिवशी कळलं होतं, मी कळवलं नाही. खाली सही केली. सही ठसठशीत आली.

"गेली का माझी गाडी?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"धीर द्यायला तरी काही बोला."

"आत्ता?" त्यानं कागदाची घडी केली, ती त्याला नीट जमेना. "आत्ता मी काही बोललो, तर ते कामापुरतं राहणार नाही."

शिनोलीला रोपं उतरवली आणि टेम्पो परत फिरला. त्याची ओली बाही तिच्या दंडाला टेकली होती. ती सरकली नाही. तोही सरकला नाही. आपल्याला हा माणूस आवडतो, हे सुप्रियाला त्या केबिनमध्ये स्वच्छ कळलं. इतकं, की त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. घोडेगावला उतरताना त्यानं फक्त मान हलवली.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. शनिवार गेला, सोमवार गेला. सुप्रिया ट्रे भरता भरता मातीच्या हातानं मोबाइल बघायची, आणि बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी परवेजभाईनं बोलावलं. गॅरेजात चष्मा लावलेल्या एक बाई पिकअपभोवती फिरत होत्या. "मी शीला. तुमची फाइल आता माझ्याकडे आहे. आदेशनं ती सोडली."

सुप्रियाला आधी काही उमजेना. मागोमाग राग आला. खरं लिहायला लावलं आणि मग हात झटकून मोकळा झाला? "का सोडली? मी तारीख बदलली म्हणून?"

"आधी तुम्ही सांगा. कळवायला सहा दिवस का लागले?"

आता लपवायला काही उरलंच नव्हतं. सुप्रियानं पंधरवड्याचं सांगितलं, आईचं सांगितलं, आणि आईआड आपणही लपलो हेसुद्धा सांगितलं. शीलाबाईंनी शब्द न् शब्द लिहून घेतला. "जागा जुळते, मार जुळतो, ड्रायव्हर जुळतो. तारीख तुम्ही स्वतः सुधारलीत, तसंच लिहीन. वर काय ठरेल ते मात्र माझ्या हातात नाही." मग त्यांनी फाइलीतला एक कागद वर काढला. "आणि फाइल का सोडली ते विचारत होतात ना? तुमच्याच फाइलीतला कागद आहे. वाचा."

अक्षर पावसात लिहिल्यासारखं वाकडं होतं.

‘आज शिनोलीहून परत येताना माझ्या लक्षात आलं, की सदर गाडीच्या मालकीणबाईंविषयी माझं मत निःपक्षपाती राहिलेलं नाही. त्यांना याची कल्पना नाही. त्यांच्याकडून मी काहीही घेतलेलं नाही. एकदा टेम्पोतून प्रवास केला, त्याची नोंद आहे. त्यांचं म्हणणं मला खरं वाटतं, पण त्यांचं कुठलंही म्हणणं मला आता खरंच वाटेल. तरी ही फाइल दुसऱ्या सर्व्हेअरकडे द्यावी.’

खाली शुक्रवारची तारीख होती आणि वेळही. संध्याकाळचे पाच. घोडेगावला उतरल्यापासून दोन तासांच्या आत त्यानं कळवलं होतं.

"वीस वर्षं हे काम करतेय," शीलाबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "फाइल सोडायची कारणं पुष्कळ वाचली. असलं पहिल्यांदाच. फाइल बंद होईपर्यंत तो तुम्हाला फोन करणार नाही, आणि तुम्हीही करू नका. दोघांच्याही भल्याचं आहे."

सुप्रियानं फोन केला नाही. तेवढे नऊ दिवस तिनं कसे काढले, ते तिलाच ठाऊक. क्लेम नाकारला गेला तर गाडी जाणार, रोपवाटिका जाणार, आणि त्या माणसासमोर कुठल्या तोंडानं उभं राहायचं? ‘तुमचं खरं मला महागात पडलं’, असं म्हणून?

दहाव्या दिवशी सकाळी पावणेअकराला मेसेज आला. प्लास्टिकच्या भागांचे पैसे कापून बाकी क्लेम मंजूर. सुप्रियानं तो तीनदा वाचला, मोठ्यानं एकदा वाचला, बायकांनी ट्रे वाजवले, गेणभाऊ डोळे पुसत शेडनेटबाहेर गेले. आणि तिनं तिथंच उभं राहून नंबर लावला.

"मंजूर झाला," ती म्हणाली.

"सकाळीच कळलं, ऑफिसातून," आदेश म्हणाला. मागे वाऱ्याचा आवाज येत होता.

"तुम्ही ऑफिसला दोन तासांत कळवलंत. मला कधी कळवणार होतात?"

"फाइल बंद झाल्यावर."

"बंद झाली."

"म्हणून तर... तुमच्या गावच्या रस्त्यावर उभा आहे. डावीकडे वळायचं की उजवीकडे, तेवढं सांगा."

तिनं सांगितलं. घाईत सांगितलं, पण वाट बरोबर सांगितली.

मोटरसायकल शेडनेटच्या दाराशी थांबली तेव्हा चिमाबाई दारातच वाळवण पसरत होत्या. त्यांनी पदर सावरला. "कोण पावणं?"

आदेशनं तोंड उघडलं होतं, पण सुप्रिया आधीच पुढे झाली. "आई, हे आदेश. आपल्या गाडीचा सर्व्हे यांनी केला होता. आणि मला हे आवडतात. कालपर्यंत बोलायची सोय नव्हती, म्हणून आत्ता सांगतेय."

चिमाबाई हातातलं सूप तसंच धरून उभ्या राहिल्या. "आगं, आसं दारात कुनी सांगतं का? दिवाळी हू दे, मग निवांत..."

"दिवाळीपर्यंत नाही थांबायची मी."

"मी," आदेश घुटमळत म्हणाला, "मी अजून यांना काही विचारलंच नाही."

"मग विचारा की," सुप्रिया त्याच्याकडे वळली. तिच्या गालाला माती लागली होती, आणि डोळे भरून आले होते ते तिनं पुसले नाहीत. "सगळे आहेतच इथे."

शेडनेटखाली सात जणींचे हात ट्रेवर थांबले. आदेशनं एकदा चिमाबाईंकडे पाहिलं, एकदा गेणभाऊंकडे. मग तो सगळ्यांना विसरला आणि सरळ तिच्याकडे बघत म्हणाला, "मला तुमच्यासोबत संसार करायचाय. कराल?"

"करीन," सुप्रिया म्हणाली.

चिमाबाईंनी सूप खाली ठेवलं, आदेशला पायांपासून डोक्यापर्यंत एकदा नीट पाहून घेतलं आणि त्याच्या घरच्यांना रविवारी बोलावून घ्यायला सांगितलं.